आधी मावशीला फोन करा: मनाच्या जखमेवर सायकेडेलिक्सचा विचार करणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाने पाच वर्षांपूर्वी कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर मॅजिक मशरूम खाल्ले. सायकेडेलिक्स, म्हणजे काही तास भान आणि जाणिवा बदलून टाकणारे पदार्थ, त्यातलंच ते एक. ठरलेलं लग्न मोडलं होतं. वर्षभर तो आतल्या आत कुढत होता, आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की दहा वर्षांच्या थेरपीचं काम एका रात्रीत होतं. त्याला मजा करायची नव्हती, बरं व्हायचं होतं. हे आधी सांगते, कारण आमच्या नातेवाइकांनी पुढे त्याला 'नशेडी' ठरवलं आणि ते मला आजही लागतं.

रविवारी तो घरी आला तेव्हा चेहरा उजळलेला होता. आईच्या गळ्यात पडून रडला. आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा. सोमवारी रात्री तो झोपला नाही, मंगळवारीही नाही. दहाव्या दिवशी ऐरोलीच्या नोकरीचा राजीनामा पाठवला, बचतीतले पैसे मित्रांना वाटले, आणि पहाटे तीन वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अनोळखी माणसांना विश्वाची रचना समजावून सांगताना सापडला. त्यानंतर तीन आठवडे रुग्णालयात.

भरती करताना डॉक्टरांनी आईला विचारलं, "घराण्यात कोणाला मानसिक आजार?" आई म्हणाली, "छे, कोणालाच नाही." ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. सहा महिन्यांनी चिपळूणच्या मावशीकडे गेले तेव्हा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "दादा काही वेडा नव्हता गं. तो नुसता झोपायचा नाही. महिना महिना झोपायचा नाही. रात्री उठून विहीर उपसायला बसायचा."

तो आमचा थोरला मामा. आम्हाला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तो 'लवकर गेला'.

मी समुपदेशक आहे, दादरला काम करते. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर बसणारी माणसं दबक्या आवाजात विचारू लागली आहेत: ताई, सायलोसिबिनने, म्हणजे मॅजिक मशरूममधल्या त्या पदार्थाने, खरंच नैराश्य जातं का? केटामिन मुंबईत मिळतं का? मित्र गोव्याला 'सेरेमनी'ला, असले पदार्थ मिळून घेण्याच्या बैठकीला, बोलावतोय, जाऊ का? या प्रश्नांना 'असलं काही करू नकोस' एवढंच उत्तर दिलं की माणूस पुन्हा येत नाही, आणि जे करायचं ते लपून करतो. म्हणून सगळं एकदा नीट, क्रमाने लिहिते आहे. पदार्थ कुठे मिळतो आणि किती घ्यायचा, हे इथे सापडणार नाही. विचार कसा करायचा, आधी काय तपासायचं, कायदेशीर वाट कोणती आणि बिघडलं तर काय करायचं, हे सापडेल.

पहिलं काम: दुखणं कोणतं, ते एका वाक्यात लिहा

'मला बरं वाटत नाही' हे पुरेसं नाही. 'बाबा गेल्यापासून दोन वर्षं मी रडलेलो नाही', 'लहानपणी जे घडलं ते रोज रात्री दिसतं', 'दोन औषधं पूर्ण मुदतीत घेऊन झाली, तरी सकाळी उठवत नाही', असं लिहा. या तिघांची वाट वेगळी आहे. पहिल्याला बहुतेक वेळा कोणीतरी शांतपणे सोबत बसणं लागतं. दुसऱ्याला आघातावर काम करणारा प्रशिक्षित थेरपिस्ट हवा. तिसऱ्याला मनोविकारतज्ज्ञाने पुन्हा नीट तपासायला हवं. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय 'माझ्यावर औषधं चालत नाहीत' हा निष्कर्ष काढू नका.

संशोधन काय सांगतं तेही या वाक्याशेजारी ठेवून पाहा. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर सायलोसिबिनची एक मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २३३ जण होते. सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात तीन आठवड्यांनी साधारण ३७ टक्के लोकांना ठळक फरक पडला. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला साधारण २० टक्के लोकांत. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रकार सगळ्याच गटांत नोंदले गेले. म्हणजे आशेला जागा आहे, पण 'एका रात्रीत' हे शब्द त्या आकड्यांत कुठेच नाहीत. आणि त्या लोकांना आधी कसून तपासलं होतं, तयारीची सत्रं दिली होती, सहा ते आठ तास प्रशिक्षित माणसं शेजारी बसली होती, नंतरही बोलणं झालं होतं. यातलं सगळं वगळून फक्त पदार्थ उचलला, तर ज्या उपचाराचा अभ्यास झाला तो तुम्ही घेतलेलाच नसतो.

दुसरं काम: मावशीला फोन

माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि याला एक पैसाही लागत नाही.

तुम्हाला स्वतःला, किंवा आई-वडील, भावंडं, मामा, काका, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) किंवा बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य आळीपाळीने येण्याचा) आजार असेल, तर सायकेडेलिक्सपासून लांब राहा. जगभरच्या चाचण्यांत अशा व्यक्तींना, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनाही, घेतच नाहीत. मनात दबून असलेला आजार या पदार्थांनी वर येऊ शकतो आणि पदार्थ उतरल्यावरही तो उतरत नाही.

अडचण अशी की आपल्या घरांत हे शब्दच वापरत नाहीत. 'आपल्याकडे कोणाला बायपोलर होतं का?' असं विचाराल तर 'नाही' हेच उत्तर मिळेल. आपल्या माणसांच्या भाषेत विचारा. घरातलं कोणी बरेच दिवस झोपायचं नाही का? अचानक जमीन विकली, कर्ज काढलं, घर सोडून गेलं असं कोणी होतं का? कोणाचं 'डोकं फिरलं' होतं का? कोणी एकटंच बोलायचं का? कोणाला बाहेरचं झालंय म्हणून देवऋषाकडे, दर्ग्यात, देवस्थानात नेऊन ठेवलं होतं का? ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलात कोणाला दाखवलं होतं का? कोणी विहिरीत पडून गेलं का, आणि ते पाय घसरूनच का? बाळंतपणानंतर कोणा बाईला 'वारं लागलं' होतं का? कोणाचं लग्न लागल्या लागल्या मोडलं आणि कारण कधीच सांगितलं नाही, असं झालं का?

अंगात येणं म्हणजे आजार नव्हे, हेही सांगते. जत्रेत, गोंधळात, ठरलेल्या वेळी वारं येऊन तासाभरात माणूस पुन्हा कामाला लागत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्यानंतर आठवडेच्या आठवडे माणूस परतलाच नसेल, तर ते टिपून ठेवा.

विचारायचं कोणाला? आईला शेवटी विचारा. आई मुलांना घाबरवू नये म्हणून लपवते, किंवा तिच्यापासूनच कोणी लपवलेलं असतं. लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्या-मावशांना जास्त माहीत असतं आणि त्या जास्त मोकळेपणाने बोलतात. फोनवर उत्तर मिळालं नाही तर गावी जा, दोन दिवस राहा, दुपारी चहाच्या वेळी विषय काढा. 'डॉक्टरांनी विचारलंय, औषध देण्याआधी लागतं' असं म्हटलं की जुनी माणसं सांगतात. जे कळेल ते एका कागदावर लिहा: नाव, नातं, काय झालं, कितव्या वर्षी. दोन्ही बाजूंचं. आईकडचं विचारलं आणि वडिलांकडचं राहिलं, असं बऱ्याचदा होतं.

तुमचं वय तिशीच्या आत असेल तर कागद कोरा राहिला तरी निश्चिंत होऊ नका. हे आजार बहुतेक वेळा याच वयात पहिल्यांदा डोकं वर काढतात.

कायदा

सायलोसिबिन, एलएसडी, एमडीएमए (एक्स्टसी), डीएमटी (आयाहुआस्का काढ्यातला पदार्थ) हे सगळे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येतात. उपचारासाठी म्हणून त्यात सूट नाही. सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ बाळगल्याची शिक्षा वजनावर ठरते, आणि इथे शिकलेली मुलंही फसतात. एलएसडीची 'अल्प मात्रा' ०.००२ ग्रॅम आणि 'व्यावसायिक मात्रा' ०.१ ग्रॅम. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की एलएसडी ज्या कागदावर टिपलेलं असतं त्या कागदाचंही वजन धरायचं. तो चिमुकला चौकोन स्वतःच काही मिलिग्रॅमचा असतो, त्यामुळे एकच तुकडा अल्प मात्रेच्या पुढे जाऊ शकतो आणि मित्रांसाठी घेतलेले दहा-बारा तुकडे व्यावसायिक मात्रेपर्यंत. तिथे किमान शिक्षा दहा वर्षं, आणि जामीन अतिशय अवघड. 'सगळ्यांचं मी घेऊन येतो' म्हणणारा मुलगा कायद्याच्या नजरेत पुरवठा करणारा ठरतो. मनाच्या जखमेवर उपाय शोधताना ही जखम अंगावर घेऊ नका.

औषधांचा डबा टेबलावर ओता

सध्या घेत असलेली प्रत्येक गोष्ट लिहा. ॲलोपॅथी, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिममधली पावडर, झोपेची गोळी, पाठदुखीची गोळी, सगळं. ही यादी मनोविकारतज्ज्ञाला दाखवायची आहे, स्वतः इंटरनेटवर ताडून निकाल लावायचा नाही.

तरी काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्यांना सायलोसिबिन किंवा एलएसडीबरोबर झटके आल्याच्या नोंदी आहेत. नैराश्याची नेहमीची औषधं चालू असताना एमडीएमए किंवा आयाहुआस्का (दक्षिण अमेरिकेतला वनस्पतींचा काढा) घेतलं तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. अंग तापतं, स्नायू आखडतात, जीवही जाऊ शकतो. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी मुंबईत घराघरांत असते, तीही या बाबतीत धोक्याची. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर धोका वेगळाच. व्यसन सोडवायला म्हणून सुचवल्या जाणाऱ्या आयबोगेनने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झालेले आहेत.

हे वाचून उद्यापासून गोळ्या बंद करू नका. 'अनुभव नीट यावा' म्हणून लोक नैराश्याची औषधं आपल्या मनाने थांबवतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. पदार्थ घेण्याची वेळही येत नाही, त्याआधीच माणूस कोसळतो.

'नैसर्गिक आहे' या शब्दावर विसंबू नका. धोतराही नैसर्गिकच आहे. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो ते फळ पोटात गेलं तर भ्रम होतो, लघवी अडते, हृदय सैरभैर धावतं, माणूस दगावतो. तो सायकेडेलिक नाही, सरळ विष आहे. तीच गोष्ट रानातल्या मशरूमची. पावसाळ्यात पालघरकडच्या आदिवासी बायका बाजारात अळंबी घेऊन बसतात. त्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली असते. आपण व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून ओळखायला जातो. यकृत जाळणाऱ्या जाती दिसायला तशाच बारीक तपकिरी असतात, आणि त्यांचा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. तोवर विष बरंच आत भिनलेलं असतं.

मुंबईतली कायदेशीर वाट: केटामिन

केटामिन हे साठ वर्षांपासून वापरात असलेलं भुलीचं औषध. त्याच्या कमी मात्रेने नैराश्य तीन दिवसांच्या आत हलकं होऊ शकतं, असं २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्यानंतर बरंच काम झालं. ते एलएसडीच्या कुळातलं नाही, पण शरीरापासून सुटल्यासारखं वाटणं, वेळेचं भान हरपणं हे अनुभव त्यातही येतात. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, आहे, एनडीपीएसच्या यादीतही आहे, पण डॉक्टर ते रुग्णालयात देऊ शकतात. नैराश्यासाठी सलाईनमधून देणं हा 'ऑफ-लेबल' वापर आहे. म्हणजे औषध मान्य आहे, पण या आजारासाठी म्हणून मान्यता घेतलेली नाही. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगायला हवं. सांगितलं नाही तर विचारा.

सुरुवात कुठून करायची? मनोविकारतज्ज्ञापासून. केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. केसपेपर काढायला रांग लागते, सकाळ जाते, पण तिथले डॉक्टर दिवसभर हेच आजार बघत असतात. खासगीत जात असाल तर डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का ते बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. मागायला संकोच नको. आपण सोनाराकडे हॉलमार्क बघतोच ना.

मग हे प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरंही तिथेच लिहून घ्या. माझ्या आजारात हे का सुचवताय, याआधी आणखी काय करून बघता येईल? भूलतज्ज्ञ हजर असतील का? रक्तदाब, ऑक्सिजन, ठोके सतत बघायची सोय आहे का? सलाईन चालू असताना खोलीत कोण बसेल? एकूण किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने, आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचं? परिणाम ओसरल्यावर पुढे काय? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. एका सलाईनचा परिणाम बहुधा काही दिवसांपासून आठवडाभर-दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. त्या मोकळ्या दिवसांत थेरपी, झोप, चालणं, माणसांत परतणं यांची घडी बसवली नाही तर पैसे संपतात आणि आजार तिथेच राहतो. पहिल्याच भेटीत दहा सत्रांचं पॅकेज पुढे सरकवणारी जागा मला पटत नाही.

रक्तदाब आटोक्यात नसेल, अलीकडे हार्ट अटॅक आला असेल, मनोविकाराची भ्रमावस्था असेल, गर्भारपण असेल, दारू किंवा दुसरं व्यसन असेल, तर आधी सांगा. फार काळ, फार वेळा घेतलेलं केटामिन मूत्राशयाचं न भरून येणारं नुकसान करतं आणि त्याचं व्यसनही लागतं. म्हणून ते घरी देणाऱ्या, पार्सलने पाठवणाऱ्या कोणाच्याही वाटेला जाऊ नका.

त्या दिवसाची तयारी साधी आहे. डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी राहायचं. सैल कपडे घालायचे. ऑफिसला पूर्ण दिवसाची सुट्टी टाकायची, 'दुपारनंतर लॉगिन करतो' असं ठेवायचं नाही. सलाईन साधारण चाळीस मिनिटं चालतं, त्यानंतर किमान दोन तास तिथेच निरीक्षणाखाली राहायचं. सोबतीला एक ठरलेला माणूस हवा, जो तुम्हाला हात धरून टॅक्सीने घरी आणेल. लोकलने एकट्याने यायचं नाही. गर्दी नसलेल्या दुपारच्या स्लो गाडीनेही नाही. गाडी, स्कूटर दुसऱ्या दिवशी नीट झोप झाल्यावरच.

आणि घर. आपल्यातले बरेच जण वन रूम किचनमध्ये राहतात. दुपारी टीव्ही चालू, शेजारची काकू डोकावणार, कोणीतरी 'काय झालं गं, चेहरा का असा?' विचारणार. त्या संध्याकाळपुरतं घर आधी मोकळं करून घ्या, किंवा ज्यांच्याकडे वेगळी खोली आहे अशा मैत्रिणीकडे जा. मी एका ताईंना माटुंग्याच्या बहिणीकडे दोन रात्री राहायला सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, औषधाइतकाच त्या शांत खोलीचा उपयोग झाला.

एक कागद आणखी करून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा त्याचं म्हणणं विचारात घेतलं जातं. घरच्यांपेक्षा मैत्रिणीवर भरवसा जास्त असेल तर तिचं नाव लिहा. आपल्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्कही हाच कायदा देतो.

शेजारी कोण बसणार

या पदार्थांखाली माणूस लहान मुलासारखा उघडा होतो. समोरच्याचं प्रत्येक वाक्य खरं वाटतं, नकार देण्याची ताकद जाते. म्हणून शेजारचा माणूस चांगला आहे की नाही, हे पदार्थ चांगला आहे की नाही याइतकंच महत्त्वाचं. कॅनडात एमडीएमएच्या एका मान्यताप्राप्त चाचणीत उपचारकाने सहभागी स्त्रीशी शारीरिक संबंध ठेवल्याचं उघड झालं, आणि २०२४ मध्ये त्या कामाशी जोडलेले तीन शोधनिबंध मागे घेतले गेले. कॅमेरे लावलेल्या चाचणीत हे घडतं, तर कर्जत-अलिबागच्या फार्महाऊसवर, रात्री, वीस जणांच्या घोळक्यात तुमच्याकडे कोण लक्ष देणार?

'थेरपिस्ट', 'फॅसिलिटेटर', 'गाइड' हे शब्द कोणीही लावून घेतो. जो तुमच्या घराण्याचा इतिहास विचारत नाही, औषधांची यादी मागत नाही, 'तुमच्या डॉक्टरला सांगू नका' म्हणतो, पैसे रोखीत आणि आधी मागतो, शंका घेतली की 'तुझा अहंकार बोलतोय' म्हणतो, अंगाला हात लावणं हा उपचाराचा भाग आहे असं सांगतो, त्याच्याकडून उठून या. भावाच्या त्या फार्महाऊसवाल्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याने मामाबद्दल विचारलं असतं, तरी भावाला उत्तर माहीत नव्हतं. पण निदान भावाने आईला फोन केला असता.

परदेशातल्या कायदेशीर जागांबद्दल थोडंच. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ ठरावीक आजारांसाठी सायलोसिबिन आणि एमडीएमए देऊ शकतात. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२३ पासून परवानाधारक केंद्रं आहेत, पण तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्याने हा पदार्थ अजून बेकायदाच आहे, त्यामुळे व्हिसावर गेलेल्या माणसाने आधी वकिलाला विचारावं. एमडीएमएच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली. आणि तिकडून काहीही बॅगेत घालून आणायचं नाही.

कोणी आधीच घेतलं असेल तर

रात्री अकराला फोन येतो: 'ताई, याने काहीतरी घेतलंय, खूप घाबरलाय.' तेव्हा आधी शरीर बघा. अंग भट्टीसारखं तापलं आहे, झटके येताहेत, छातीत दुखतंय, श्वास अडकतोय, हाक मारून जागा होत नाही, हातपाय ताठरलेत, किंवा मशरूम खाऊन काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झालेत, यातलं एक जरी असेल तर १०८ किंवा ११२. वाट बघायची नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. लिंबू, लोणचं, चिंच, दही हे भांग उतरवायचे घरगुती उपाय करत बसू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

डॉक्टरांना खरं सांगा: काय, कधी, किती, कशाबरोबर. उरलेलं पाकीट दाखवा. सरकारी रुग्णालयात अशी केस पोलिसांकडे नोंदली जाऊ शकते, हे मी लपवणार नाही. तरीही खरं सांगा. चुकीच्या माहितीवर दिलेलं औषध जीव घेतं.

शरीर ठीक आहे आणि नुसती भीती आहे, तर मोठे दिवे बंद करा, गाणी बंद करा, गर्दी हटवा. एकच माणूस शेजारी बसू दे. हळू आवाजात, छोटी वाक्यं: 'मी इथेच आहे. तू काहीतरी घेतलंयस म्हणून असं वाटतंय. हे उतरणार आहे.' वाद घालू नका, उपदेश करू नका, व्हिडिओ काढू नका. खिडक्या लावा, बाल्कनीचं दार लावा, गॅसचा कॉक बंद करा. आपण दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहतो आणि अशा अवस्थेत उंचीचं भान नसतं. मशरूम चार ते सहा तास चढलेलं असतं, एलएसडी आठ ते बारा. रात्रभर बसायची तयारी ठेवा. तो मारायला धावत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर मात्र एकट्याने झुंजू नका, ११२ लावा.

नंतरचे पंधरा दिवस

उपचार कायदेशीर असो वा नसो, नंतरचे दिवस सारखेच नाजूक असतात. सत्य सापडल्यासारखं वाटतं. त्यातलं काही खरंही असतं. ते वहीत लिहा, मराठीत, स्वतःच्या शब्दांत, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वाचा. तोवर राजीनामा नाही, एफडी मोडायची नाही, लग्न ठरवायचं वा मोडायचं नाही, आईला फोन करून लहानपणाचा हिशोब मांडायचा नाही. थेरपिस्टबरोबरची पहिली भेट सत्राआधीच ठरवून ठेवा, दोन-तीन दिवसांच्या आतली. दुखणं वर आलेलं असतं, त्याला कोणीतरी हात द्यायला हवा.

घरच्यांनी एकच गोष्ट मोजायची: झोप. दोन रात्री सलग झोप नाही आणि तरीही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं, 'मला काहीतरी मोठं काम नेमून दिलंय' असं वाटणं, कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. आम्ही दहा दिवस 'किती खूश आहे बिचारा' म्हणत बसलो होतो. मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्री चालू असतो, मराठीत बोलता येतं. डोळ्यांपुढे आठवडेच्या आठवडे आकृत्या तरळत राहिल्या तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

भाऊ आता बरा आहे. लिथियम घेतो, महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासतो, रात्री साडेदहाला फोन बंद करून झोपतो. गेल्या गणपतीत आम्ही दोघांनी मिळून तो घराण्याचा कागद नव्याने लिहिला, कारण मावस बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिच्या डॉक्टरांना तो द्यायचा होता. मामाचं नाव भावाने स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि त्याखाली आपलं. रात्री चिपळूणहून मावशीचा फोन आला. म्हणाली, आणखी एक नाव आठवलंय, लिहून घे.